तापलेल्या छपराखाली

वर्गात पेंगणारा विद्यार्थी दिसला की शिक्षकाला पहिली शंका येते ती त्याच्या आळसाची. माझीही तीच समजूत होती आणि ती मी अनेक वर्षे निष्ठेने बाळगली.

अकोला जिल्ह्यातील एका शाळेत मी गणित शिकवीत असे. वर्गावर टिनाचे छप्पर होते. १९८४ च्या मार्चअखेरीस, एका दुपारी, व्याजाचे सोपे उदाहरण मी वर्गातील सर्वांत हुशार मुलाला विचारले. तो नुसता वहीकडे पाहत राहिला. ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ असे खडसावून मी त्याला तास संपेपर्यंत उभे केले. दोनच दिवसांनी सकाळची शाळा सुरू झाली आणि तेच उदाहरण त्याने तोंडी सोडविले. मी शाबासकी दिली. क्षमा मात्र मागितली नाही.

आपण विचाराल, उकाड्याचा आणि बुद्धीचा संबंध काय? शरीराला आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावे लागते. उष्मा वाढला की रक्त त्वचेकडे अधिक वळते, घाम सुटतो, हृदयाचे श्रम वाढतात. गेलेले पाणी भरून न निघाल्यास अवधान ढळते. २०१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बॉस्टन येथे ४४ तरुण विद्यार्थ्यांची पाहणी झाली. वातानुकूलित वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या मानाने इतरांना सकाळच्या एका चाचणीत उत्तरे देण्यास सुमारे १३ टक्के अधिक वेळ लागला. त्यांच्या खोल्यांचे सरासरी तापमान होते अवघे २६ अंश! वऱ्हाडात याला कोणी उकाडा म्हणणार नाही. म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. मला अधिक मोलाची वाटली ती निराळीच गोष्ट. बाहेरची लाट ओसरल्यावरही त्या जुन्या इमारती आतून तापलेल्याच राहिल्या आणि फरक तेव्हाच सर्वांत ठळक दिसला.

आपल्या हाती उपाय थोडे आहेत. छपराला बाहेरून पांढरा चुना द्यावा, पाण्याचा माठ वर्गातच ठेवावा. वाळ्याचे ओले पडदे विदर्भासारख्या कोरड्या हवेत उत्तम. कोकणात किंवा बंगालमध्ये, जेथे हवाच दमट, तेथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

पुढल्या वर्षी मुख्याध्यापकांना विनवून मी गणिताचा तास सकाळी पहिला करून घेतला. दुपारचा तास इतिहासाच्या गुरुजींकडे गेला. ते माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते, आणि त्यांचा राग अनाठायी नव्हता; पेंगणारा वर्ग आता त्यांच्या वाट्याला आला होता.