आसवांचा रंग

ऑगस्टमध्ये उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साखर वाढलेली, म्हणून डाव्याला नोव्हेंबरची तारीख मिळाली. पट्टी निघाल्यावर घरी आलो, चपला काढल्या आणि समोरच्या भिंतीकडे नजर गेली. तिथे माझंच वीस बाय तीसचं प्रिंट आहे : सीतेची आसवं, कास, धुक्यातली सकाळ. या प्रिंटनं मला साताऱ्यात थोडंफार नाव दिलं. त्या दिवशी ते लग्नाच्या मांडवातल्या झालरीसारखं दिसलं. मी बायकोला विचारलं, "हे एवढं जांभळं कुणी केलं?"

"तुम्हीच. मी कधीची म्हणतेय, पण ऐकतंय कोण!"

पोट भरलं ते स्टुडिओवर. लग्नं, मुंजी, पासपोर्ट. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे ऐन पावसाळ्यात हात रिकामे आणि कास पंचवीस किलोमीटरवर. फुलांचा नाद लागायला एवढं पुरलं. तेरडा, सोनकी, कवला ही मंडळी सरळ स्वभावाची. उजेड बरा असला की पदरात पडतात. मला आयुष्यभर छळलं ते नखाएवढ्या सीतेच्या आसवांनी.

छळ रंगाचा. निळा म्हणावं तर निळा नाही, जांभळा म्हणावं तर जांभूळ त्याहून कितीतरी गडद. साडीच्या दुकानातला माणूस गोकर्णी म्हणेल, वांगी म्हणेल, आणि दोन्ही वेळा चुकेल. स्लाइड फिल्मच्या काळात अशा फुलांची वेगळीच गंमत होती. ओसाडीची निळसर फुलं फिल्मवर गुलाबी उतरायची, कारण आपल्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड ती फुलं परत फेकतात आणि फिल्म तो टिपते. डिजिटल आलं आणि सगळं उलटं झालं : जांभळं निळं व्हायला लागलं. जांभळ्याच्या टोकाला आपल्या डोळ्यातलं तांबडं ओळखणारं खातंही थोडं जागं होतं. कॅमेऱ्याचं तसं होतंच असं नाही. त्यात लॅबमधल्या पोराला वाटायचं की रंग बिघडलाय. तो बिचारा आपल्या मनानं 'करेक्शन' मारून पाठवायचा. मग मी शिव्या घालायचो आणि पुन्हा प्रिंट काढायला लावायचो.

शिवाय फूल तरी कुठे एका रंगावर टिकतं? धुक्यात ते निळ्याकडे झुकतं. ढग फाटून ऊन पडलं की अर्ध्या मिनिटात गुलाबी झाक येते. खालच्या ओठावरचा फिकट डाग उन्हात इतका चमकतो की तो सांभाळावा तर पाकळी काळवंडते. वाऱ्याचं तर सांगतच नाही. दोऱ्याएवढ्या देठावर ते फूल, आणि जांभ्याच्या सड्यावर पोटावर पालथा पडलेला मी, श्वास रोखून. माझा श्वास सुटतो. वारा काही सुटत नाही.

दोन वर्षं माझ्याबरोबर वनस्पतीशास्त्राची एक मुलगी येते. या झाडाला खरी मुळंच नसतात, मातीखाली बारीक फुगे असतात आणि त्यांत ते ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढून घेऊन पचवतं, हे सगळं ती मला सांगते. सीतेच्या आसवांना भूक लागते हे मला तिच्याकडूनच नीट कळलं. पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "काका, फूल एवढं जांभळं नाहीये." मी म्हणालो, "अगं, तू नाव बघतेस, मी रंग बघतो." वाक्य मला इतकं आवडलं की पुढे एका भाषणातही वापरलं.

या सप्टेंबरात त्या प्रिंटची लहान प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कासला नेली आणि फुलाशेजारी धरली. उजवा डोळा मिटला : फूल विझलेलं, वर पातळ चहा सांडल्यासारखं. डावा मिटला : फूल लख्ख, टोचेल इतकं. प्रिंट मात्र दोन्ही डोळ्यांना भडकच. मी तिला मोठ्या थाटात समजावलं, की मोतीबिंदूची पिवळट काच निळं-जांभळं गाळते, म्हणून मी ते वाढवत गेलो. दोष भिंगाचा.

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "पण काका, ती काच फुलापुढेही होती आणि स्क्रीनपुढेही. जुळवताना दोन्ही सारखीच पिवळी दिसली असणार. मग चूक झाली कशी?"

मी कातळावर बसून राहिलो. गुडघे दुखतायत असं सांगितलं.

खरं उत्तर मला त्याच रात्री सुचलं होतं. तिला अजून दिलेलं नाही. मी फुलाशी रंग जुळवतच नव्हतो. रात्री स्टुडिओचं शटर ओढून स्क्रीनसमोर बसायचो आणि जुळवायचो ते तिशीत पहिल्यांदा पाहिलेल्या सड्याशी. डोळा पिवळा होत गेला, ती आठवण होती तशीच तरुण राहिली. स्क्रीनवरचं फूल तिच्याएवढं दिसेपर्यंत मी रंग ओढत राहिलो. त्याच काळात एका स्पर्धेचा परीक्षक होतो. एका मुलाची आसवं मला 'मेलेली' वाटली म्हणून त्याचे गुण कापले आणि वर चार लोकांत त्याला रंगावर व्याख्यान दिलं. आता वाटतं, त्या वर्षीचा खरा रंग त्या एकट्याच्याच फोटोत असावा.

नव्या लोकांवर मी सहज घसरतो. फुलावर बाटलीनं पाणी मारून दव म्हणणारे, मागे काळं कापड धरणारे, एका फुलासाठी शंभर फुलांवर लोळणारे. पठारावर मध्ये जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजलं. काही वर्षांनी कुंपण काढलं. गुरांच्या खुरांनी फुलं मरतात म्हणणाऱ्यांच्या बुटांचे नंबर मला पाठ आहेत. पण फ्रेममध्ये येणाऱ्या गवताच्या काड्या मीही उपटल्या आहेत, आणि लोळलोही आहे.

आणि शिंदळ माकुडी. फक्त आपल्या सह्याद्रीत कड्याकपारीला लोंबणारं मांसल झाड. उन्हाळ्यात नुसते दांडे, पावसात पानं, मग पिवळ्या ठिपक्यांची काळपट तांबडी चांदणी. त्याच्या शिवनेरी, सज्जनगड या जागा पुस्तकांत आहेत. माझी एक नाही. लोक ओरबाडतील म्हणून सांगत नाही, असं मी सांगतो. ते खोटं नाही. पण तिथला फोटो माझ्याखेरीज कुणाकडे नाही, हेही तितकंच खरं. गंमत म्हणजे या दुर्मीळ फुलाचा रंग कॅमेऱ्याला चटकन कळतो, म्हणून ते मला कधी फारसं छळत नाही. छळतं ते सप्टेंबरात पायाखाली लाखांनी उमलणारं.

नोव्हेंबरात डाव्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी स्टुडिओत गेलो. ती जुनी फाइल उघडली आणि उजव्यावर हात धरून बराच वेळ पाहत बसलो. पिवळ्या डोळ्याला ती अजून अगदी बरोबर दिसत होती : ती सकाळ, तो ओला सडा. रंगाला हात लावला नाही. फाइलच्या नावापुढे 'डावा' असं लिहिलं आणि शटर ओढलं.