लहानशा कड्याची गोष्ट

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात त्या घरांत जुन्या वस्तूंची वाण नसते. आमच्या म्हसवडच्या घरींहि माळ्यावर चढलें कीं बिनकाचेचे कंदील, खुंटा गेलेलें जातें, एक पाय तुटलेला स्टोव्ह असा संसार दृष्टीस पडतो. मातुःश्री असतांना यांतलें बरेंचसें चालू होतें. त्यांच्या पितळी स्टोव्हच्या पंपाचें कातडी वायसर वाळून आकसलें म्हणजे त्या तें खोबरेलांत भिजवून पुन्हां बसवीत, आणि एक नवें वायसर हिंगाच्या रिकाम्या डबींत नेहमीं शिल्लक ठेवीत. स्वयंपाक अडला म्हणजे शेजारीपाजारी त्या डबीसाठीं आमच्याकडे येत. त्या डबीची आठवण व्हावी असा प्रसंग आमच्यावर नुकताच आला.

आमचे धाकटे बंधु नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें इटलींत मिलान येथें होते. परत येतांना त्यांनीं कॉफी करण्याचें एक जुनें यंत्र आणलें. मिलानच्याच ला पाव्होनी कारखान्यांतून १९६१ सालापासून निघूं लागलेल्या युरोपिकोला जातीचें तें होतें. कॉफीला दांड्यानें दाब देण्याची विद्याहि त्याच शहरची. पूर्वीच्या यंत्रांत केवळ वाफेच्या जोरानें पाणी कॉफीच्या पुडींतून जात असे; तो जोर बेताचा, शिवाय पाणी फार कढलेलें, म्हणून पेय करपट लागे. आकील्ले गाज्जा ह्या मिलानच्या गृहस्थानें १९३८ सालीं नव्या युक्तीचें पेटंट घेतलें आणि १९४८ च्या सुमारास दांडा व स्प्रिंग यांचें यंत्र बाजारांत आणलें. त्यानें दाब हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पटींवर गेला व पेल्यावर दाट सोनेरी फेस दिसूं लागला. आमच्या घरगुती यंत्रांत स्प्रिंगहि नाहीं. माणसाच्या हाताचा जोर असेल तेवढाच.

बंधु रोज पहांटे हें यंत्र चालवीत. दांडा वर उचलला कीं दट्ट्या वर जाई व बाष्पपात्रांतील कढत पाणी त्याच्या खालीं उतरे. क्षणभर थांबून दांडा खालीं ओढला कीं पेला भरे. पहिला पेला ते आमच्या भावजयींस देत. तीन वर्षांमागें ते गेले. भावजयींनीं यंत्रावर एक पांढरा रुमाल घातला, आणि त्याला कोणीं हात लावावयाचा नाहीं हें न बोलतां ठरलें.

गेल्या मार्गशीर्षांत सिद्धनाथाच्या रथासाठीं सारें कुटुंब जमलें होतें. बंधूंची मुलगी पुण्याहून आली होती. तिनें विचारलें, “आई, बाबांचें यंत्र चालू करूं का?” भावजयींनीं बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाल्या, “मोठ्या काकांना विचार. मोडूं नका म्हणजे झालें.” असा तो भार आमच्या माथीं आला.

यंत्र उघडून पाहतां दोन व्यंगें आढळलीं. दट्ट्यावरचीं रबराचीं दोन कडीं काळानें व उष्णतेनें टणक झालीं होतीं, आणि दांडा ज्या खिळीवर फिरतो ती खीळ झिजून दांडा डगडगत होता. खिळीची अडचण गांवांतच सुटली. ट्रॅक्टरच्या अवजारांची दुरुस्ती करणाऱ्या एका लेथवाल्यांनीं झिजलेला मध्यभाग सोडून, जेथें झीज नव्हती त्या टोकाशीं खीळ मोजली आणि न गंजणाऱ्या पोलादाची नवी कातून दिली. आजच्या सांगली जिल्ह्यांत १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, तेव्हांपासून लोखंड कातण्याची विद्या आमच्या ह्या मुलखाला परकी राहिलेली नाहीं.

कड्यांनीं मात्र आमची परीक्षा पाहिली. पाण्याच्या पंपाचीं कडीं व्यासाला जुळतात असें पाहून आम्हीं तीं बसविलीं. पहिल्याच पेल्यास सायकलच्या दुकानाचा वास आला. अन्नास चालणारें व कढत पाणी सोसणारें रबर निराळें असतें हें तेव्हां कळलें. मग परदेशाहून मागविलीं, तीं मोठीं निघालीं. चूक आमचीच. सन २००० च्या सुमारास ह्या जातीच्या यंत्राचा आंतला घाट बदलला. कॉफीची चाळणी ४९ मिलिमीटरची होती ती ५१ ची झाली. आम्हीं यंत्राचें वय न पाहतांच मागणी केली होती. योग्य कडीं हातीं आलीं तेव्हां माघ संपत आला होता.

प्रत्येक कड्यास एका बाजूस पातळ ओठ असतो. वरच्याचा ओठ वर हवा, म्हणजे बाष्पपात्रांतील पाणी खालीं झिरपत नाहीं. खालच्याचा खालीं हवा, म्हणजे दाबलेलें पाणी वर चढत नाहीं. आम्हीं दोन्हीं एकाच दिशेनें बसविलीं, आणि पाणी ठिबकूं लागलें. पुतणीनें हंसून तीं काढलीं व पाठीला पाठ लावून बसविलीं. ठिबकणें थांबलें.

ज्यांच्या घरीं असें एखादें जुनें यंत्र असेल त्यांना आमचा अनुभव उपयोगीं पडावा. धातूचा तुकडा गांवचा कारागीर उत्तम करून देतो. जें अन्नाला लागतें तें मात्र त्याच कामाचें पाहून घ्यावें, आणि मागणीपूर्वीं यंत्राचें वय व माप लिहून काढावें.

पहिला दांडा आम्हीं ओढला. फेस आला. भावजयींनीं पेला ओठांस लावला व खालीं ठेवला.

“कडू झाली,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा हात हलका होता. असा हिसका देत नसत.”

आणि त्यांनीं उठून स्वतः दांडा हातांत घेतला. दुसरा पेला त्यांनीं आमच्यापुढें ठेवला. तो खरोखर चांगला होता.

तो पांढरा रुमाल आतां धुवून, घडी करून फडताळांत ठेवलेला आहे. ह्या खेपेस आम्हीं दोन कडीं जादा मागविलीं होतीं. तीं मातुःश्रींच्या हिंगाच्या डबींत आहेत.