दोन कानांचे कार्ड

गाथेत शब्द राहतात, चाल राहत नाही. संत जनाबाईंचे गंगाखेड आमच्याच परभणी जिल्ह्यातले. सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे त्यांचे अभंग आज छापील मिळतात. पण त्या काळी ते कोणत्या सुरात म्हटले जात होते, हे कोणताही कागद सांगू शकत नाही. झरीच्या आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करायचे ठरले, त्यामागे हीच रुखरुख होती. मंडळातील सर्वांत वडीलधारे गायक, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, त्यांना काकड्याच्या काही चाली येतात. त्या पूर्णपणे येणारे दुसरे कोणी आता उरलेले नाही आणि अण्णांचा श्वास अलीकडे कडव्याच्या मध्येच तुटू लागला आहे.

वर्गणी जमली पंचवीस हजार. तेवढ्यात साऊंड कार्ड, माइक, स्टँड, वायर असे सगळे बसवायचे होते. लॅपटॉप होताच, पण त्याचे स्वतःचे ध्वनिकार्ड बोलण्यापुरते असते. माइकच्या त्याच्या बारीक छिद्राला एकच वाट असते, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर ते देत नाही, आणि आतल्या पंख्याची, सर्किटांची कुरकुर मुद्रणात उतरते. म्हणून यूएसबीने जोडायचे बाहेरचे कार्ड घ्यायचे, याबद्दल दुमत नव्हते. वाद झाला तो वाटांच्या संख्येवरून.

तरुणांना आठ वाटांचे कार्ड हवे होते. पेटीला एक माइक, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन, विणेला एक, अण्णांना एक, उरलेले टाळकऱ्यांना. प्रत्येकाचा आवाज वेगळा साठला की नंतर हवा तो वाढवता येतो, चुकलेला झाकता येतो. युक्तिवाद चूक नव्हता. शहरातला ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारवाला बँड मुद्रित करायचा असेल तर हाच मार्ग योग्य. पण वाटेगणिक एक प्रीअँप वाढतो आणि प्रीअँपगणिक किंमत. शिवाय आठ वाटांना आठ माइक, आठ स्टँड, आठ वायरी. पैसे तेवढेच असताना वाटा वाढवायच्या म्हणजे प्रत्येक माइक हलका घ्यायचा.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘आमचं येगयेगळं घिऊन तुम्ही मागून एकत्र करणार व्हय? मग आम्ही एकत्र बसतो कशाला?’’

या प्रश्नात मला ध्वनिमुद्रणाचे अर्धे शास्त्र दिसते. भजनात आवाज कोणा एकट्याचा नसतो. पुढचा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. टाळ पखवाजाच्या अंगाने चालतात. एकाच मंडपात, हातभर अंतरावर बसलेल्या माणसांचे आवाज वेगळे करायला गेले तरी ते होत नाहीत. टाळ तर प्रत्येक माइकात शिरतो. मग तोच टाळ आठ ठिकाणी, आठ निरनिराळ्या क्षणांना पोहोचतो आणि एकत्र केल्यावर धूसर होतो.

आम्ही दोन वाटांचे, चोवीस बिटचे कार्ड घेतले आणि उरलेल्या पैशांत दोन बऱ्यापैकी कंडेन्सर माइक. चोवीस बिटचा आग्रह मात्र सोडला नाही. सोळा बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सिद्धान्ताने सुमारे ९६ डेसिबल मावते, चोवीस बिटमध्ये १४४. प्रत्यक्षात उपकरण तेवढे देत नाही. तरी पातळी निर्धास्तपणे कमी ठेवता येते. संथ अभंगानंतर गजर उसळला की टाळांचा पहिला ठोकाच मुद्रण फाडतो. त्यासाठी वर जागा मोकळी लागते. तासाभराच्या मुद्रणाला साधारण एक गिगाबाइट लागतो, म्हणजे जागेची चिंता नाही.

विलंबाचीही नाही. कार्ड आवाजाचे नमुने खेपांनी पाठवते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने २५६ नमुन्यांची एक खेप भरायला पाच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. कानांवर हेडफोन चढवून आधीच्या मुद्रणावर गाणाऱ्याला अशा खेपांचा साचलेला उशीर जाचतो. आमच्यात हेडफोन कोणी लावणार नव्हते. शिवाय तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळपास सहा फूट जातो. मागच्या ओळीतले टाळकरी असा विलंब जन्मभर सांभाळत आले आहेत.

मग उरले ते बसणे. दोन्ही माइक एकाच स्टँडवर, सतरा सेंटिमीटर अंतराने, एकमेकांपासून बाहेर वळवून लावले, दोन कानांसारखे. ही मांडणी फ्रान्सच्या रेडिओची. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कोलकात्यात मुद्रणासाठी आले, तेव्हा तर एकच भोंगा होता आणि तोल साधायचा तो अंतरानेच. आम्हीही तेच केले. अण्णा सर्वांत जवळ, पेटी त्यांच्या बाजूला, पखवाज थोडा मागे, टाळकरी भिंतीशी. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, म्हणजे विजेच्या तारेतून येणारी घरघर टळली. प्रत्येक बदलानंतर दोन मिनिटे मुद्रण, मग सर्वांनी मिळून ऐकणे. एका टाळकऱ्याने स्वतःला ऐकून स्वतःच हात आखडता घेतला. आठ वाटा असत्या तर तो हात मी संगणकावर आखडला असता आणि त्याला कळलेही नसते.

या निवडीची किंमतही आहे. अण्णांचा श्वास जिथे तुटला, तिथे तो मुद्रणात तुटलेलाच आहे. मागाहून दुरुस्तीची सोय नाही. पण त्या तुटलेल्या जागी मागच्या चौघांनी ओळ अलगद उचलून घेतलेली ऐकू येते. चाल पुढे जाते ती अशीच, हे आता आमच्या पोरांना ऐकून शिकता येईल.