सेल्फ

मोटारीचे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरला आपल्याकडे तिच्या पूर्ण नावाने कोणी ओळखत नाही. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा उत्तरार्ध गॅरेजांतील बोलीने केव्हाच गाळला आणि ‘सेल्फ’ एवढेच ठेवले. ‘सेल्फ मारा’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ गेला’ असे प्रयोग नांदेड-लातूर रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजात कानी पडतात. लोकांनी शब्दाचा जो तुकडा राखला, त्याचा अर्थ ‘स्वतः’ असा आहे. ही काटछाट मला फार दिवस केवळ गमतीची वाटे. वडिलांच्या अ‍ॅम्बॅसिडरचा सेल्फ बिघडला, तेव्हा तिच्यातले शहाणपण ध्यानात आले.

हे यंत्र येण्यापूर्वी मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याचे भय असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत आला. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालते केले होते. दोन्ही कामांमागचे तत्त्व एकच होते : मोटरला दिवसभर चालायचे नसून काही क्षणच झटायचे असेल, तर लहान मोटरकडूनही मोठे काम करून घेता येते. सेल्फ आजही तसाच राबतो. इंजिन फिरवताना तो बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह ओढतो. त्याचे चिमुकले दंतचक्र फ्लायव्हीलच्या मोठ्या कड्याला फिरवते आणि इंजिन पेटताच बाजूला होते. ते तिथेच गुंतून राहिले, तर सेल्फचाच नाश होतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेडमध्ये १९८६ सालची एक वापरलेली अ‍ॅम्बॅसिडर घेतली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली ही मोटार एके काळी कलेक्टर कचेरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सर्वत्र दिसे. हँडल घालण्याची सोय तिच्यात होती; पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अण्णांच्या खांद्यात ते फिरवण्याचे बळ उरले नव्हते.

सेल्फ अधूनमधून दगा देऊ लागला, तसे अण्णांचे जग आकसत गेले. ते गाडी उतारावरच उभी करू लागले. जिथे उतार नाही, तिथे ढकलायला चार माणसे असतील का, याचा हिशेब निघण्यापूर्वी होऊ लागला. लोक आनंदाने हात लावत. पण उपकाराचे ते चार हात अण्णांना जड वाटत. आधी लोह्याच्या आठवडी बाजारी जाणे थांबले, मग कंधारला आत्याकडे जाणे थांबले. विचारले, तर म्हणत, “आता कुठं जायचंय मला?” मोटारीचे दुखणे माणसाच्या बोलण्यात उतरले होते. घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. त्यातच पुनर्नोंदणीची मुदत जवळ आलेली. आरटीओच्या आवारात गाडी ढकलत नेणे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

आमच्या मिस्त्रींना सारे चाचा म्हणत. त्यांनी प्रथम दिवे लावून मला किल्ली फिरवायला सांगितले. दिवे मंदावले नाहीत आणि सेल्फही हलला नाही. “गुरुजी, बॅटरीत जोर आहे. तो आत पोचत नाही,” ते म्हणाले. टर्मिनल, अर्थची तार, स्विच हे सारे तपासून झाल्यावरच त्यांनी बॅटरी सोडली आणि सेल्फ खाली उतरवला. आतले कार्बन पार झिजले होते. आर्मेचरची वाइंडिंग काळवंडली होती. दुरुस्तीत अर्थ नव्हता.

लातूरच्या एका भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या अ‍ॅम्बॅसिडरचा सेल्फ असल्याचे कळले. अण्णा आणि मी एसटीने अहमदपूर, चाकूर करीत लातूरला गेलो. मी भाव विचारत होतो. अण्णा मात्र जुन्या सेल्फशी ताडून नव्याच्या दंतचक्राचे दात मोजत होते, दोनदा. चाचांनी त्यात नवे कार्बन आणि बुश घातले, मग तो जमिनीवर पायाखाली दाबून बॅटरीच्या तारा लावल्या. दाबून ठेवला नसता तर तो उसळून दूर पडला असता, इतका त्या क्षणाचा जोर होता. दोन बोल्ट आवळले गेले. अण्णांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात बोलले. चाचांनी मजुरी सांगितली. अण्णांनी घासाघीस केली नाही.

पासिंग पार पडले. पुढच्या रविवारी अण्णा कोणालाही न विचारता कंधारला निघाले. मी शेजारी बसलो. आत्याच्या घरापुढे थोडा उतार आहे. तो मागे टाकून त्यांनी गाडी पुढच्या सपाट मैदानात नेली, अगदी मधोमध उभी केली आणि इंजिन बंद केले. आत्या दारातूनच म्हणाली, “अण्णा, एवढ्या लांब कशाला लावलीस रे?” अण्णा नुसते हसले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकून चालू लागले.