एक कॅसेट येणे

कासारकाकांचं वर्ष लक्ष्मीपूजनाला संपायचं. जुनी वही मिटण्याआधी तिच्या शेवटच्या पानावर ते तीन ओळी लिहीत. वर्षभरात ऐकलेल्या गाण्यांपैकी मनात राहिलेली तीन रेकॉर्डिंगं. त्याच वहीत गिऱ्हाइकांची येणी, मोडीचं वजन, कोळशाचा खर्च. गाणं हीसुद्धा त्यांच्या लेखी वर्षाची आवकच. यंदा काका नाहीत, म्हणून त्या तीन ओळी मी लिहितो आहे.

वैनगंगेच्या अलीकडे आमचं कारधा, पलीकडे पितळी भांड्यांचं भंडारा. काका रोज सकाळी सायकलवर पूल ओलांडून कारखान्यात जात आणि सूर्य भंडाऱ्यामागे उतरत असताना परत येत. ते आमचे शेजारी. नातं ना रक्ताचं, ना जातीचं. गुंड घडून झाला की त्याला टिचकी मारून ते कान लावत. चीर गेलेलं भांडं दिसायला धड असतं, बोललं की पकडलं जातं. “डोया फसते, कान नाही फसत,” हे त्यांचं वाक्य. तोच कान ते गाण्याला लावत. घराणं, लय, आलाप हे शब्द मी पुढे पुस्तकांतून शिकलो. सूर बोलतो कधी आणि भद्द वाजतो कधी, हे मात्र त्यांच्या ओट्यावर कळलं.

मी नववीत असताना त्यांनी मला वसंतराव देशपांड्यांच्या मारव्याची कॅसेट दिली. वसंतराव मूर्तिजापूरला 1920 साली जन्मलेले, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, म्हणजे आमच्या मुलखाचेच. मारवा मात्र त्यांना लाहोरला असद अली खाँकडून मिळाला. या रागात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज येईल येईल म्हणता गवई तो चुकवत राहतो. “गाव दिसते, पण पाय टेकत नाही,” काका म्हणत. संध्याकाळी पुलाच्या मध्यावर आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नसे.

आमच्या घरच्या टेपने ती फीत गिळली. पेन्सिल घालून फिरवली, चिकटपट्टीने जोडली. पण जिथे षड्जाची वाट पाहून जीव टांगणीला लागतो, नेमकी तिथेच ती पुन्हा पुन्हा तुटे. रडवेला होऊन काकांकडे गेलो. ते रागावले नाहीत. वही काढली, कोऱ्या पानावर माझं नाव घातलं आणि खाली लिहिलं : एक कॅसेट येणे.

आयुष्यातलं माझं पहिलं खातं ते.

गेल्या दिवाळीपासून काकांचं पुलापलीकडे जाणं थांबलं. मग संध्याकाळी मीच मोबाइल घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊ लागलो. एक रेकॉर्डिंग आठवडाभर, हा त्यांचा नियम. मी पुढचं लावायला बोट उचललं की म्हणत, “घाई कायची आहे बावा? हेच आयकजो अजून.”

पहिली ओळ अब्दुल करीम खाँसाहेबांची. ‘पिया बिन’ ही झिंझोटीतली ठुमरी. त्या काळच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर पसरणारा गवई तेवढ्यात कसा मावला, याचं मला नवल. काकांना नव्हतं. “भांडं लहान असलं म्हणून पाणी वेगळं असते काय?” आठवड्याच्या शेवटी आम्ही दोघंही पहिल्या स्वरालाच गप्प होत होतो.

दुसरी केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांत जगभरचं संगीत भरलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यावर भारतातून ही भैरवी. दुसरं यान 5 सप्टेंबरला निघालं, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे सगळं मी सांगत होतो, काका डोळे मिटून पडले होते.

“तबकडी सोन्याची आहे काय?”

“वरून सोन्याचा मुलामा, काका. आत तांबं.”

ते उठून बसले. “तांबं? मंग बोलन थे.”

तिसरी ओळ मारव्याची. तीच कॅसेट शोधून सापडली नाही. वसंतरावांच्या एका मैफलीतला मारवा मिळाला. तो ऐकवून, तीसेक वर्षांनी, मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “काका, आता तेवढी ओळ खोडा. फिटलं.” त्यांनी मान हलवली. “खोडलं त येणं-जाणं बंद होते. राहू दे बाकी.”

श्रावणात काका गेले. तेरवीनंतर त्यांच्या मुलाने वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. दर दिवाळीला नवी वही, आणि प्रत्येकीत माझं पान. ‘मागील बाकी’ म्हणून काका ती ओळ दरवर्षी पुढे ओढत आले होते. अक्षर तेच, शाई वेगवेगळी. शेवटच्या वहीतलं अक्षर थरथरलेलं, पण ओळ पुरी.

“हे खोडून टाकू का दादा?” मुलाने विचारलं. मी नको म्हणालो.

या लक्ष्मीपूजनाला मी नवी वही आणली. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी लिहिल्या : झिंझोटी, भैरवी, मारवा. मग माझ्या वहीचं पहिलं पान उघडलं, वर काकांचं नाव घातलं आणि खाली लिहिलं : मागील बाकी, एक कॅसेट देणे.