वाघ्या, कॅमेरा आणि आईचा पाय

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. वर पोस्टवर होतो तोवर सवडही नव्हती आणि तिथून काही लिहिणं बरंही नव्हतं. आता कंपनी खाली उतरलीय. जागेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. काश्मीरमधली एक पोस्ट, इतकं पुरे.

२०२४च्या थंडीआधी आम्ही ती पोस्ट ताब्यात घेतली. ताब्यात घेताना सगळं मोजून घ्यावं लागतं. जनरेटर, बुखाऱ्या, केरोसीनचे जरीकॅन, लंगरातली पातेलीसुद्धा. सही करून वर आलो तर बंकरच्या दारात एक काळा-पांढरा केसाळ कुत्रा बसलेला. तो कुठल्याच यादीत नव्हता. आधीच्या युनिटचे सुभेदारसाहेब म्हणाले, "ये भालू है. ये यहीं रहता है." त्यांच्याही आधीच्या पलटणीत त्याला टायगर म्हणायचे म्हणे. युनिटं बदलतात, कुत्रा पोस्टवरच राहतो आणि दर वेळी त्याचं नवं बारसं होतं. आमची पोरं मराठी, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी तो वाघ्या झाला. पुढे मार्चमध्ये रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकाचा वाद पेटला, तेव्हा आमचा एक हवालदार गंभीरपणे म्हणाला, "साहेब, नाव बदलू या का? उगाच पोस्टवर वाद नको." त्या रात्री लंगरात सगळे पोट धरून हसलो.

वाघ्या कामाचा होता. आमच्याकडे थर्मल आहे, म्हणजे अंगातली उष्णता दाखवणारी दुर्बीण. अंधारात माणूस, अस्वल, रानडुक्कर सगळं पांढरं पांढरं दिसतं. यंत्र उत्तम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण दाट धुक्यात त्याची नजर मंदावते आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते. वाघ्याची बॅटरी दोन चपात्यांवर चालायची. संत्री दिसण्याआधी त्याला चाहूल लागायची, आणि त्याच्या भुंकण्यातला फरक पोरांना कळायला लागला होता. अस्वल आलं तर मागे मागे सरत भुंकणार, खेचरांचा ताफा आला तर शेपूट हलवत.

त्याच जानेवारीत, १५ तारखेला, आर्मी डेची परेड पुण्यात झाली. चार पायांचे रोबो संचलनात चालले. धाकट्याने व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "पप्पा, तुमच्या वाघ्याची नोकरी गेली." मी व्हिडिओ वाघ्यासमोर धरला. त्याने मोबाईल हुंगला आणि तोंड फिरवून झोपला. ती यंत्रं येतील, ओझी वाहतील, जिथे माणूस पाठवू नये तिथे जातील. यावीतच. माणूस वाचणार असेल तर माझी तक्रार कशाला असेल? पण पहाटे तीनच्या ड्युटीवर पायाला टेकून बसणारं ऊबदार यंत्र अजून कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी थोरल्याने घरी अंगणात कॅमेरा बसवला. दोनेक हजारांचा, वायफायवरचा. अंगणात काही हललं की मोबाईलवर सूचना येते. मला ते खूळ वाटलं होतं. फौजेतला माणूस सरहद्दीवर पहारा देतो आणि त्याच्या अंगणावर पहारा देतो कॅमेरा, हे काही पटेना. शिवाय पोस्टवर नेटवर्क फक्त एका दगडावर. संध्याकाळी ड्युटी नसेल तर त्या दगडावर रांग लागायची. माझी पाळी आली की दिवसभराच्या चाळीस सूचना एकदम धडकायच्या. कोंबडी हलली, मांजर हललं, शेजारचे अण्णा दूध घेऊन आले. न बघताच पुसून टाकायचो.

ऑगस्टचा महिना. ११ तारखेला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता की दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत रस्त्यावर सोडू नका. लंगरात त्यावर दोन तट पडले. आमच्याबरोबर सिग्नलचा एक हरियाणाचा जवान होता, त्याच्या पुतणीला लहानपणी कुत्र्याने फाडलेलं. तो म्हणाला, "साब, बिल्कुल सही हुआ." आमची पोरं वाघ्याच्या बाजूने. मी पोरांच्या बाजूने. मोठ्या ऐटीत म्हणालो की, कुत्रा माणसाचा मित्र असतो, चावतो तो माणसाच्या चुकीने.

तीनचार दिवसांनी दगडावर माझी पाळी आली. घरी फोन लावला. बायको म्हणाली, "आत्यांच्या पायाला लागलंय. गेटाचा पत्रा लागला म्हणतात. हळद लावलीय." आईला फोन दिला. आई म्हणाली, "काय न्हाय रं बाळा, खरचटलंय नुसतं. तू जेवलास का?"

फोन ठेवला. मागच्या माणसाला अजून दोन मिनिटं होती म्हणून सहज सूचना उघडल्या. सकाळी सहा पन्नासची एक होती. चित्रफीत थांबत थांबत चालू झाली. आई भाकरीचा तुकडा घेऊन गेटाबाहेर आली. तिची नेहमीची दोन कुत्री पुढे आली. तेवढ्यात बाजूने तिसरं, तपकिरी, मी कधी न पाहिलेलं. तिघांची जुंपली. आई चप्पल उगारून मध्ये गेली. पुढचे तीन-चार सेकंद मी पाच वेळा पाहिले. त्या तपकिरी कुत्र्याने तिची पोटरी धरली होती. ती गेटाला धरून उभी राहिली, मग पदराने पाय पुसला, आजूबाजूला कुणी पाहिलं नाही ना ते बघितलं आणि लंगडत आत गेली.

सकाळी सहा पन्नास. मी पाहत होतो संध्याकाळी सहा वाजता. वाघ्या नेहमीसारखा दगडाखाली माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसला होता. मी त्याला पायाने ढकललं. जरा जोरातच.

पुन्हा फोन लावला. बायकोला सांगितलं, पत्रा नाही, कुत्रा आहे, माझ्याकडे दिसतंय. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अहो, मला पण शंका आली होती. पण आत्या पाय दाखवेनात." आईने का लपवलं ते मला लगेच कळलं. दोन वर्षं सून सांगत होती, दारात भाकरी टाकू नका, कुत्री गोळा होतात. आता कबूल कसं करणार?

मागच्या माणसाने न सांगता आपली पाळी सोडली. मी धावत आमच्या नर्सिंग असिस्टंटकडे गेलो. केरळचा पोरगा, वय पंचवीस, त्याला सगळे डॉक्टरसाब म्हणतात. तो घाबरला नाही आणि त्याने मला धीरही दिला नाही. फक्त प्रश्न विचारले. कातडी फाटलीय का? रक्त आलं का? धुतलं का? मग म्हणाला, हळद पुसून टाका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आत्ता, बारा तास झाले असले तरी. रक्त आलंय म्हणजे नुसती लस पुरत नाही, सीरम पण जखमेत द्यावं लागतं. आज रात्रीच न्या. मग थोडं थांबून म्हणाला, "साब, लक्षण आ गया तो फिर कोई इलाज नहीं."

ते ऐकून मी परत दगडावर. रात्री नऊला थोरल्याने आजीला मोटरसायकलवर बसवून नेलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस मिळाली, सीरम नव्हतं. त्यासाठी पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पोहोचायला रात्रीचे बारा. मला पोराचा मेसेज मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी, कंपनी कमांडरसाहेबांनी खास दगडावर जाऊ दिलं तेव्हा. "दोन्ही झालं पप्पा. आजी नर्सला म्हणाली, हळू टोच गं बाई, माझा पोरगा फौजेत आहे."

लस चार वेळा. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि मग एकदम अठ्ठाविसाव्या. ते तपकिरी कुत्रं पुन्हा दिसलंच नाही, त्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नुसतं भांडखोर, हे कळायला मार्ग नव्हता. मी लंगरात पालघाटातून आणलेल्या छोट्या कॅलेंडरवर, डॉक्टरसाबच्याच, दिवस खोडत होतो. वीस वर्षांच्या नोकरीत बऱ्याच गोष्टींची वाट पाहिली, अशी पाहिली नव्हती.

२२ ऑगस्टला कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने आधीचा आदेश बदलला. नसबंदी करा, लस द्या आणि पकडलं तिथेच परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, त्यासाठी ठरलेल्या जागा. लंगरात पुन्हा वाद झाला. यावेळी मी बोललो नाही. हरियाणावाला माझ्याकडे बघून स्वतःच विषय बदलून गेला, हे त्याचं मोठेपण.

माझं मत आता विचाराल तर, टीव्हीवरच्या दोन्ही बाजूंचा मला राग येतो. सगळी उचला म्हणणाऱ्यांनी कुठे ठेवणार ते मोजलेलं नसतं. आणि भूतदयावाले भाकरी टाकतात नि वळून आत जातात. माझी आई तशीच. पण तिला बोलायला मी कोण? मी वर्षभर वाघ्याला चपात्या घालत होतो, पहाटे त्याच्या अंगाची ऊब घेत होतो. त्याला एक तरी लस दिली होती का? मला सुचलंसुद्धा नव्हतं. फौजेच्या कुत्र्यांचं सगळं व्यवस्थित असतं. त्यांना नंबर, हँडलर, डॉक्टर. अनंतनागला २०२२मध्ये दोन गोळ्या खाऊनही लढलेला झूम गेला तेव्हा त्याला लष्करी मानवंदना मिळाली. वाघ्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, म्हणून त्याची लसही कुणाच्या कामात नाही. आणि त्याने पोस्टवरच्या एखाद्या पोराला ओरबाडलं असतं तर? खाली दवाखान्यात पोहोचायला पायी किती वेळ लागतो ते आम्हालाच माहीत.

डॉक्टरसाबला सांगितलं. त्याने खेचरांच्या ताफ्याबरोबर येणाऱ्या व्हेटर्नरीच्या जवानाला गाठलं. एकदा लस आली ती गरम झालेली, फेकून दिली. तिसऱ्या आठवड्यात थर्मासमधून बर्फात नीट आली. वाघ्या आणि पोस्टवरची अजून दोन, तिघांना टोचायला आम्ही सहा जण. तोंडाला बँडेज बांधलं तेव्हा वाघ्याने माझ्याकडे असं बघितलं की मला त्या दगडावरच्या लाथेची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, चपातीसाठी.

आईची चौथी सुई झाली त्या संध्याकाळी मी लंगरात जिलेबी करायला लावली. कारण डॉक्टरसाब सोडून कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

थंडीआधी आमचा रिलीफ आला. गढवालची कंपनी. पुन्हा सगळी मोजदाद. जनरेटर, बुखाऱ्या, जरीकॅन, पातेली. सह्या झाल्यावर मी त्यांच्या सुभेदारसाहेबांना एक कागद दिला. तीन कुत्री, लस दिल्याची तारीख, पुढच्या वर्षीची तारीख, व्हेटर्नरीच्या माणसाला कुठे गाठायचं ते. त्यांनी वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दारातल्या वाघ्याकडे पाहत विचारलं, "नाम क्या है इसका?"

मी सांगितलं. त्यांना 'घ्या' म्हणता येईना. खाली उतरताना वळणावर ऐकलं, त्यांची पोरं त्याला काहीतरी वेगळंच हाक मारत होती आणि तो जात होता.

आता इथे नेटवर्क चांगलं आहे. काल सकाळी सूचना आली म्हणून कॅमेरा उघडला. आई गेटाच्या आतल्या बाजूला उभी, फटीतून भाकरी सरकवतेय. दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात लाल पट्टे. बायकोने गावात शिबिर लागलं तेव्हा लस देऊन आणून बांधलेत म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.