पाच अंशांवरचा डबा

व्हेंडिंग मशीनमधून चिप्सच्या पुड्यांऐवजी ताजे, सकस जेवण मिळावे, ही धावपळीत जगणाऱ्यांची मागणी अन्नतंत्रज्ञ म्हणून मला रास्त वाटते. चर्चा मात्र नेहमी मशीनभोवतीच फिरते, आणि मशीन हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. फिलाडेल्फियात हॉर्न आणि हार्डार्ट या जोडीने 1902 मध्ये ‘ऑटोमॅट’ सुरू केले, तेव्हाही तेवढे तंत्र हाताशी होते. भिंतीत काचेच्या दारांचे कप्पे असत. नाणे टाकून मूठ फिरवली की दार उघडे आणि आतली बशी उचलता येई. भिंतीपलीकडे माणसे रिकामे कप्पे भरत, माल मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येई आणि उरलेले पदार्थ दुसऱ्या दिवशी वेगळ्या दुकानांत कमी दराने विकले जात. न्यूयॉर्कमधले शेवटचे ऑटोमॅट 1991 मध्ये बंद पडले. शिकागोत 2013 साली निघालेल्या ‘फार्मर्स फ्रिज’ने बरण्यांतले सॅलड मशीनमध्ये ठेवले, तरी मागची रचना फारशी बदलली नाही: एक स्वयंपाकघर, थंड वाहतूक, वारंवार भरणा आणि न खपलेल्या बरण्यांची वेळेवर उचल. मशीनमधल्या जेवणाचा ताजेपणा या शेवटच्या कामावर ठरतो, असे माझे मत आहे.

थंडीने जिवाणू मरत नाहीत, फक्त मंदावतात. लवकर नासणारे अन्न 5 अंश सेल्सिअसच्या खाली किंवा 60 अंशांच्या वर ठेवायचे, कारण मधल्या पट्ट्यात त्यांचे फावते. भात शिजवताना बॅसिलस सीरियसचे बीजाणू तग धरतात. भात तासन्‌तास कोमट राहिला तर ते रुजतात, आणि त्यातून तयार होणारे उलटीचे विष अन्न पुन्हा गरम करूनही जात नाही. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्नसंहितेत अशा मशीनला आपोआप विक्री थांबवणारी यंत्रणा सक्तीची आहे: भरणा झाल्यावर आतले तापमान 5 अंशांच्या वर राहण्याची मुभा फक्त 30 मिनिटांची. आपल्याकडे ही अट अधिकच महत्त्वाची. रात्री वीज जाऊन काही तास बंद राहिलेले मशीन सकाळी पुन्हा गारेगार असते, ग्राहकाच्या हाताला काही कळत नाही. असे कुलूप नसलेले मशीन जेवणासाठी घेऊच नये.

त्यात ठेवायचे काय, हा प्रश्न त्याहून रंजक आहे. पहिले नाव पोळी-भाजीचे निघते, आणि नेमकी पोळीच तिथे टिकत नाही. शिजलेल्या स्टार्चचे रेणू फ्रिजच्या तापमानाला झपाट्याने पुन्हा एकमेकांना बिलगतात; पोळी चिवट होते, भात टणक. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लागले की पाणी सुटते. बरणीतल्या सॅलडमध्ये ड्रेसिंग तळाशी आणि पाने वर ठेवतात, त्याच न्यायाने मीठ-दही वेगळ्या वाटीत द्यावे लागेल. कच्ची मोड आलेली कडधान्ये ‘पौष्टिक’ म्हणून सगळ्यांनाच सुचतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने पन्नासहून अधिक बळी घेतले, तेव्हा मोड शिजवूनच भरावेत. दहीपोह्यांबद्दल मला जास्त आशा वाटते. दह्याचा आंबटपणा बऱ्याच जिवाणूंना रोखून धरतो, त्याच्या ओलाव्याने पोहे मऊ राहतात, आणि हा पदार्थ थंड खाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्या माणसाला गरमच लागते, हा आक्षेप खरा आहे. शेजारी मायक्रोवेव्ह ठेवून तो काही अंशी सुटतो. बंगळुरूत 2022 मध्ये गाजलेल्या मशीनसारखे तिथल्या तिथे इडली वाफवूनही देता येते, पण मग मशीनचेच स्वयंपाकघर होते आणि ते रोज घासावे लागते. पंधरा-वीस रुपयांचा वडापाव असताना कोण येईल, असेही विचारतात. तेलातून निघून थेट हातात येणाऱ्या वड्याशी स्पर्धा करूच नये. जंतूंच्या दृष्टीने तो गरम वडा बराच सुरक्षित असतो. (चटणीबद्दल मी हमी देत नाही.) सर्वांत वजनदार आक्षेप मुंबईच्या डब्यांचा. 1890 पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत फ्रिज नाही, तरी तिचे जेवण चांगले असते. त्याचे कारण असे, की सकाळी शिजलेले दुपारी संपते आणि प्रत्येक डब्याला खाणारा ठरलेला असतो. मशीन अंदाजाने भरले जाते. समजा, 60 रुपये खर्चाचे 100 डबे भरले आणि 20 उरले, तर विकलेला प्रत्येक डबा 75 रुपयांना पडतो. हे 15 रुपये वाचवण्याचा मोह झाला की वापराची तारीख एक दिवसाने लांबते, टिकाऊपणासाठी काहीबाही मिसळले जाते, आणि शेवटी मशीनमध्ये पुन्हा पुडाच येतो, फक्त महाग.

त्यामुळे रेल्वेस्थानकांवर घाऊक मशीन बसवण्याच्या मी विरोधात आहे. तिथली गर्दी मोठी, पण कोण काय घेईल याचा भरवसा नाही आणि बाहेर पर्याय मुबलक. मोठ्या रुग्णालयांची रात्रपाळी ही खरी जागा. किती परिचारिका आणि निवासी डॉक्टर कामावर आहेत हे आधीच ठाऊक असते, रात्री उशिरा उपाहारगृह बंद असते, दुपारीच फोनवरून मागणी नोंदवता येते, आणि सकाळची पाळी सुरू होताना उरलेले डबे मोजून उचलायला माणूस हजर असतो.